धंदा, मन आणि तिसरी गोष्ट
(खापा येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मला विषय दिलाय तो असा : छोटा धंदा चालवताना चित्त एकाग्र कसं ठेवावं आणि उमेद कशी टिकवावी. देणाऱ्या पोरांचा हेतू सरळ आहे. समोर बसलेल्यांपैकी आठ-दहा जणांनी गेल्या दोन-तीन वर्षांत काही ना काही उभं केलंय. कुणी मोबाइल दुरुस्त करतो, कुणाची पिठाची चक्की आहे, कुणी शिलाईची दोन मशिनं टाकलीत, कुणी कर्जावर मालाची गाडी घेतलीय. आणि आता हीच पोरं भेटली की म्हणतात, "भाऊ, दुकानात मनच नाही लागून राह्यलं."

मी वेल्डिंगचं दुकान चालवतो. ग्रील, गेट, शटर, ट्रॅक्टरची ट्रॉली. अठरा वर्षं झाली. तेव्हा मनाबद्दल जे बोलेन ते दुकानात उभं राहून बोलेन. आश्रमात बसून नाही.

या विषयावर बोलणारे लोक आजकाल पुष्कळ झालेत. नागपुरात हॉल घेतात, तिकीट लावतात. कोट घातलेला माणूस स्टेजवर इकडून तिकडे फिरतो आणि सांगतो : पहाटे चारला उठा, आरशासमोर उभे राहा, मी यशस्वी आहे असं एकवीस वेळा म्हणा. अरे, आमचा बाप पहाटे चारलाच उठत होता! मँगनीजच्या खाणीत पहिली पाळी धरायला. आमची माय त्याच्याही आधी उठत होती. लवकर उठून कुणी श्रीमंत झालं असतं तर गुमगावच्या खाणीवरचा एकेक मजूर आज बंगल्यात राहिला असता.

या लोकांचं म्हणणं थोडक्यात असं : तुझा धंदा बसला कारण तुझं मन कच्चं आहे. ऐकलंय ना हे कुठंतरी? तू अस्पृश्य आहेस कारण तुझं मागच्या जन्मीचं कर्म कच्चं होतं. फक्त भाषा बदलली. दोष पुन्हा तुझ्याच पदरात.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात करतो. आपण बसलोय ते गाव पाहा. कन्हानच्या काठावरचं खापा. १८६७ साली इथं नगरपालिका झाली. हे विणकरांचं गाव. नागपूरच्या या टापूत कोष्टी बारीक, रेशीमकाठी विणायचे आणि आपली माणसं जाडंभरडं विणायची. महाराच्या घरात माग होता, हे आज आपल्याच पोरांना सांगावं लागतं. मागावर बसणाऱ्याला एकाग्रता शिकवायला कुणी कोटवाला लागत नव्हता. पाय खड्ड्यात, हात धोट्यावर, डोळा धाग्यावर. एक धागा तुटला आणि नजर चुकली की कापड बिघडलं, मजुरी कापली. असे दिवसच्या दिवस ती माणसं एकाग्र होती.

मग ती का तरली नाहीत? कारण माग घरात होता, पण सूत व्यापाऱ्याच्या घरून यायचं. उधारीवर. आणि कापड त्याच्याच घरी, त्याच्याच भावानं जायचं. पुढे १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरणीच्या सुतापुढे हातानं कातणाऱ्या बायांचं सूत टिकलं नाही. गिरणीच्या कापडापुढे जाडंभरडं हटत गेलं. विणणाऱ्याचं चित्त ढळलं म्हणून त्याचा माग बंद पडला, असं म्हणायची कुणाची हिंमत आहे?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे मनाचं काहीच नाही? सगळा दोष व्यवस्थेचा, आपण शटर ओढून चौकात बसायचं? नाही. तेही सोपं उत्तर आहे, आणि ते देऊन दिवस काढणारे आपल्या मोहल्ल्यात कमी नाहीत.

या प्रश्नावर सगळ्यात नेमकं मला सापडलं ते बुद्धाकडे. अंगुत्तर निकायात, तिकनिपातात, दोन छोटी सुत्तं आहेत. पापणिक सुत्त. पापणिक म्हणजे दुकानदार. भिक्खूंना साधना शिकवताना बुद्ध दाखला देतात तो चक्क दुकानदाराचा. पहिल्या सुत्ताचा मतितार्थ असा की जो दुकानदार सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, तिन्ही वेळा, कामाकडे नीट लक्ष देत नाही, तो नवं धन मिळवू शकत नाही आणि असलेलं वाढवू शकत नाही. इथपर्यंत कोटवालाही टाळ्या वाजवेल.

पण लगेच पुढचं सुत्त आहे. त्यात सांगितलंय की दुकानदाराजवळ तीन गोष्टी असल्या तर तो लवकर वर येतो. एक : त्याला डोळे असतात. हा माल केवढ्याला आणला, केवढ्याला विकला, त्यात काय राहिलं, हे त्याला दिसतं. दोन : तो खरेदी-विक्रीत कुशल असतो. आणि तीन : त्याला निस्सय असतो. निस्सय म्हणजे आधार. पैसेवाली माणसं त्याला ओळखतात, त्याच्यावर विश्वास ठेवतात आणि स्वतः होऊन म्हणतात, हे भांडवल घे, धंदा कर, घर चालव, जमेल तसं परत दे.

अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. नजर आणि कसब एवढ्यावर भागत नाही, तिसरी गोष्ट लागते, हे तेव्हाच सांगून झालंय. आजचे उमेद विकणारे पहिल्या दोन गोष्टींचं तिकीट फाडतात आणि तिसरी लपवतात. कारण तिसरीचं नाव घेतलं की जातीचं नाव घ्यावं लागतं.

ज्याच्या तीन पिढ्या पेठेत बसल्यात त्याचा पोरगा दुकान टाकतो तेव्हा काय होतं ते पाहा. मामा माल टाकतो, तीन महिन्यांनी पैसे दे म्हणतो. काका गाळा देतो. सोयरा पहिली ऑर्डर देतो. मुनीम आजोबांच्या वेळचा. त्या पोराचं मन दुकानात लागतं, कारण त्याला रात्री झोप लागते. आपल्या पोराजवळ काय असतं? आईचं मंगळसूत्र, फायनान्सवाल्याचा हप्ता आणि बापाचं एकच वाक्य : "नोकरी पाहा बापू, हे आपलं काम नोहे."

बाबासाहेबांचंच घ्या. १९१७ साली ते परदेशातून परतले. बडोद्यात काय झालं ते तुम्हाला पाठ आहे. मुंबईत येऊन त्यांनी शेअर-रोख्यांविषयी व्यापाऱ्यांना सल्ला देणारी कचेरी काढली. हा धंदा होता, आपल्यासारखाच, छोटा. गिऱ्हाइकं आली. मग सल्लागार अस्पृश्य आहे हे फुटलं आणि गिऱ्हाइकं यायची थांबली. कचेरी बंद करावी लागली. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ज्याचा ग्रंथ लंडनला छापून निघाला, त्याला नजर नव्हती? अठरा-अठरा तास वाचणाऱ्याचं चित्त एकाग्र नव्हतं? पहिल्या दोन्ही गोष्टी त्याच्याजवळ या देशात कुणाजवळ नसतील एवढ्या होत्या. तिसरी नाकारली गेली.

आणि तिसरी मिळाली तेव्हा काय झालं तेही पाहा. ३१ जानेवारी १९२० ला मूकनायक निघाला, त्यामागे शाहू महाराजांचे अडीच हजार रुपये होते. हा निस्सय. मूकनायक १९२३ मध्ये बंद पडला. १९२७ ला बहिष्कृत भारत निघाला. त्याचे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. तोही १९२९ ला पैशाअभावी थांबला. १९३० ला जनता निघाला. १९५६ ला त्याचंच प्रबुद्ध भारत झालं. बंद पडणं वेगळं आणि संपणं वेगळं. ज्याचं पहिलं दुकान बसलंय त्यानं हे साल घरी भिंतीवर लिहून ठेवावं : १९२९ बंद, १९३० सुरू.

आणखी जवळचं सांगतो. याच नागपूर जिल्ह्यातल्या मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे. १९०७ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींची शाळा काढली आणि १९१० मध्ये स्वतःचा छापखाना. छापखाना म्हणजे शाई, कागद, खिळे, जुळाऱ्याची मजुरी. म्हणजे धंदाच. निराश्रित हिंद नागरिक, मजूर पत्रिका, चोखामेळा ही पत्रं त्यांनी चालवली, एम्प्रेस मिलच्या कामगारांत संघटनेचं काम केलं. पुढे धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांची आणि बाबासाहेबांची वाट वेगळी झाली, ते मी झाकत नाही. पण आपलं म्हणणं छापायला दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं नाही, यंत्रच आपलं पाहिजे, हे त्या माणसाला १९१० मध्येच कळलं होतं. यंत्र कशासाठी हवं हे त्यांना ठाऊक होतं. ज्याला हे ठाऊक असतं त्याला उमेद बाहेरून विकत आणावी लागत नाही.

आता आपल्या मनाकडे येऊ. मन लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं? माझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं. गेटचं माप देतं, भाव ठरतो. मग सहज विचारतं, "आडनाव काय भाऊ तुमचं?" आडनावावरून कळलं नाही तर, "राहता कोणत्या मोहल्ल्यात?" मग त्याची नजर वर जाते, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे तिकडे. "बरं, सांगतो उद्या." तो उद्या येत नाही.

त्या दिवशी माझ्या हातात कटर असतो आणि डोक्यात एकच किडा : भाव जास्त सांगितला, का जात कळली? हा किडा आहे ना, हाच आपलं लक्ष खातो. शेजारच्या दुकानदाराचंही गिऱ्हाईक जातं. पण त्याला एकच प्रश्न पडतो, भावाचा. तो दोन रुपये कमी करतो आणि झोपतो. आपल्याला दोन प्रश्न पडतात आणि दुसऱ्याचं उत्तर कुणी देत नाही. अपमान झाला असता तर भांडलो असतो. इथं तर नुसतं "सांगतो उद्या" आहे. त्याच्याशी कसं भांडणार?

यावर मला एकच औषध लागू पडलं. वही. येणं-देणं तर लिहितोच, पण मागच्या पानांवर गेलेली गिऱ्हाइकं लिहितो. तारीख, काम, मी सांगितलेला भाव, किती दिवसांत देतो म्हणालो, आणि काय बोलून गेला. वर्ष-दीड वर्षानं ती पानं वाचली की चित्र स्वच्छ दिसतं. काही भावानं गेलेत. काही मुदतीनं. आणि काही गेलेत ज्यांना दुसरं कोणतंच कारण नाही. पहिल्या दोन थप्प्या माझ्या. त्या मी सुधारतो. तिसरी थप्पी माझी नाही. ती डोक्यात बाळगायची नाही, चळवळीच्या टेबलावर ठेवायची. बुद्धानं दुकानदाराला डोळे हवेत म्हटलं ना, ते डोळे म्हणजे ही वही. किडा कागदावर उतरला की डोक्यातून निघतो.

आणि तिन्ही वेळा लक्ष. त्याचं माझं रोजचं सांगतो. सकाळी शटर उघडलं की पहिला तास मोबाइल खिशात. पाटीवर तीन कामं लिहायची : आज काय तयार होऊन जायचं, आज कुणाकडून पैसे आणायचे, कोणता माल संपत आलाय. तीनच. दुपारी हातातलं काम. वेल्डिंग चालू असताना फोन घेतला की सांधा कच्चा राहतो, हे माझ्या दुकानात पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. तुमच्याही धंद्यात असा सांधा आहे, तो ओळखा. संध्याकाळी वही, शटर ओढायच्या आधी. घरी जाऊन लिहितो म्हणणारा कधी लिहीत नाही.

गल्ल्यातला पैसा आपला नसतो, हे दुसरं. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितलेत : एक खायला, दोन धंद्यात, एक अडीअडचणीला. मी स्वतःला महिन्याची ठरलेली रोजी लावलीय, कारागिराला लावतो तशी. गल्ल्यातून बारशाला, जयंतीच्या वर्गणीला, साळ्याच्या लग्नाला पैसा निघू लागला की समजा दुकान आतून पोखरलं.

तिसरं म्हणजे उधारी. आपला माणूस कंत्राटदाराकडे पैसे मागायला लाजतो. जणू भीक मागतोय! एका कंत्राटदारानं माझे पैसे सात महिने लटकवले होते. दर फेरीला चहा पाजायचा आणि "साहेबांची सही राहिली" म्हणायचा. असले चहा पिऊन धंदे मरतात. कायदा आहे, २००६ सालचा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल घेतला तर लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. त्यासाठी उद्यम नोंदणी करावी लागते, ती फुकट होते. बिलावर तो नंबर टाका आणि बिल पोच घेऊन द्या. कायद्यानं लगेच पैसे येतात असं मी म्हणत नाही. पण मागणारा वाकून उभा राहत नाही. मनाची निम्मी उमेद पाठीच्या कण्यात असते.

आता तिसरी गोष्ट. निस्सय. हा आपल्याला कोण देणार?

सरकार म्हणतं, आम्ही. १९७८ साली महात्मा फुले महामंडळ झालं. २०१५ ला मुद्रा आली. २०१६ ला स्टँड-अप इंडिया आली, बँकेच्या प्रत्येक शाखेनं किमान एका दलित किंवा आदिवासीला आणि एका स्त्रीला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावं म्हणून. सरकारी खरेदीत आपल्या उद्योगांसाठी ४ टक्के ठेवल्याचं धोरण २०१२ चं. कागद भरपूर आहेत. पण २००५ च्या आर्थिक गणनेवरून अभ्यासकांनी काढलेला हिशेब सांगतो की देशातल्या उद्योगधंद्यांत अनुसूचित जातींच्या मालकीचे १० टक्केसुद्धा नव्हते, आणि लोकसंख्येत आपण १६ टक्क्यांच्या वर. कागद आणि कर्ज यांच्यामध्ये एक खुर्ची असते. खुर्चीवर माणूस असतो, आणि माणसाला जात असते.

म्हणून बँकेत एकट्यानं जायचं नाही. दोघं जा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार तोंडी ऐकून परत यायचं नाही, लेखी मागा. एक माणूस "साहेब, पाहा ना जरा" म्हणतो. दोन माणसं "कारण लिहून द्या" म्हणतात. हा फरक मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि सरकारची वाट न पाहता आपला आपण निस्सय उभा करायचा. दहा दुकानं धरा. भिशी सगळ्यांना ठाऊक आहे, लग्नासाठी, फ्रिजसाठी लावतोच. ती धंद्यासाठी लावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दहाही जण आपापली वही घेऊन बसा. भाषण कुणी करायचं नाही. प्रत्येकानं तीन गोष्टी सांगायच्या : काय अडकलं, कुणाकडे अडकलं, कुणाची मदत हवी. लोखंड घेणारे तिघं असतील तर नागपूरहून माल एकत्र आणा, भाडं वाचेल, भावही उतरेल. ज्याची उधारी बुडतेय त्याच्यासोबत दोघं जा. आजारी पडलेल्याचं दुकान दोन दिवस दुसऱ्यानं उघडा. एकट्या माणसाची उमेद महिन्यातून चारदा मरते. दहांची एकाच दिवशी मरत नाही.

आता थोडं कडू बोलतो. दुकान टाकलं म्हणजे क्रांती झाली असं समजू नका. २००५ पासून दलितांचं वेगळं चेंबरही आहे. दलित उद्योजक व्हावेत, जरूर व्हावेत. पण १९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात कामगार होते, भूमिहीन होते, स्त्रिया होत्या. तुझ्या दुकानातला हेल्पर त्याच शब्दात बसतो. त्याची रोजी शनिवारच्या शनिवारी गेली पाहिजे, तुझी उधारी आली असो की नसो. त्याला थकवून तू उभा राहिलास तर मागाला सूत देणारा तो जुना व्यापारी आणि तू, दोघांत फरक आडनावाचाच राहिला.

आणि घरातली बाई. ती दुकानात बसते, काजं-बटणं करते, तिचा हिशेब कुठं आहे? वहीत तिच्या नावाचं पान पाहिजे. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावर मंत्रिपद सोडलं, आपल्याला एक पान सोडवत नाही?

धंदा कोणता करायचा यालाही मर्यादा आहे. शस्त्र, माणसं-जनावरं, मांस, नशा आणि विष यांचा व्यापार उपासकानं करू नये, असं सम्यक आजीविकेत आलंय. मांसाबद्दल मी कुणाच्या चुलीत डोकावणार नाही. पण दारू आणि व्याजबट्टा यांत पैसा लवकर दिसतो, आणि तो आपल्याच मोहल्ल्याच्या रक्तातून येतो, एवढं सांगून ठेवतो.

शेवटचा प्रश्न मला इथं येण्याआधी एका पोरानं विचारला. "भाऊ, मोर्चे-आंदोलनात गेलो की धंद्यावरचं लक्ष उडते. मंग चळवळ सोडू काय?" त्याला उत्तर देतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली गेली. ते कुटुंब काय करत होतं? स्वतःच्या जमिनीवर कष्ट करत होतं, लेकरं शिकवत होतं. म्हणजे कोटवाला सांगतो ते सगळं करत होतं. लक्ष केंद्रित होतं त्यांचं. तेच गावाला खुपलं. त्या महिन्यात नागपुरात ज्याचं दुकानात लक्ष लागलं असेल त्याच्या एकाग्रतेची मला भीती वाटते.

तेव्हा चळवळ ही धंद्यातली अडचण नव्हे. तीच तिसरी गोष्ट आहे. तिच्यावाचून आपलं दुकान म्हणजे उघड्या माळावरचा माग. पण चळवळ म्हणजे पुढाऱ्याच्या गाडीमागं फिरणं नव्हे, चौकात बॅनर लावून रात्र काढणं नव्हे. त्यासाठी शटर ओढू नका. आठवड्यातला एक दिवस ठरवा, तो चळवळीला द्या. बाकी सहा दिवस वेळेवर उघडलेलं दुकान हीही चळवळीचीच एक जागा आहे. तिथं पोरगा काम शिकतो, तिथं हे मासिक टेबलावर असतं, तिथं रात्री कुणावर प्रसंग आला तर उघडायला एक दार असतं.

मन घट्ट करा असं मी सांगणार नाही. मन घट्टच आहे आपलं, नाहीतर इथवर आलो नसतो. त्याला टेकायला भिंत नाही, ती बांधायची आहे. भाषण इथं थांबवतो. ज्यांनी वही आणलीय त्यांनी मागच्या खोलीत बसा, आणली नसेल त्यांनी येत्या रविवारी आणा. पहिला कोण बोलणार ते ठरवून ठेवा.

जयभीम.